पॅरिसहून आष्टीला

आष्टी नावाची गावे आपल्या महाराष्ट्रात बरीच आहेत. बीड जिल्ह्यातली तालुक्याची आष्टी सर्वांना ठाऊक. वर्धा जिल्ह्यातली आष्टी 1942 च्या हुतात्म्यांमुळे इतिहासात गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीजवळ 1818 साली पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. मी निघालो होतो ती आष्टी यांपैकी एकही नव्हे. ती जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इतिहासाच्या पुस्तकात तिचे नाव शोधून सापडत नाही. परंतु मानवी हक्क हा विषय मला जेवढा या आष्टीने शिकविला, तेवढा कोणत्याही पुस्तकाने शिकविला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

तेथील तरुण कार्यकर्त्यांनी 10 डिसेंबरला, मानवी हक्क दिनानिमित्त दोन शब्द सांगायला बोलावले होते. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून मी नुकताच परतलो होतो. अंगात कणकण होती. पण "सर, तुम्ही कायद्याचं वाचता, आमच्या माणसांना समजेल असं सांगा," असे पोरांनी म्हटल्यावर नाही म्हणवेना. कार्यालयात एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि पिशवीत दोन वह्या घालून निघालो.

कुलूपबंद घरे

जालन्याहून सकाळच्या गाडीने परतूर गाठले. परतूर हे मनमाड-नांदेड लोहमार्गावरचे गाव. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा हा तालुका परभणी जिल्ह्यातून इकडे आला. स्टँडवर आष्टीचे तिकीट मागितले, तर कंडक्टर हसून म्हणाला, "परतूरची ना? नाही, विचारून घेतो. बीडकडचे पाहुणे चुकून बसतात कधीकधी."

गाडी दक्षिणेला, गोदावरीच्या दिशेने निघाली. दोन्ही अंगांना काळीभोर जमीन. कपाशीची वेचणी चाललेली, तुरीला शेंगा लागलेल्या, ज्वारी पोटऱ्यात आलेली. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे आमची एस.टी. बराच वेळ रखडली. शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "हा ऊस इथला हाय. पर तोडणारे इथले न्हाईत. इथले तिकडं कोल्हापूर-कर्नाटकात गेले, अन् हितं दुसरीकडले आले." केवढा हा उफराटा कारभार!

गावात उतरून आपल्या वस्तीकडे चालू लागलो, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. ओळीने घरांना कुलपे. ज्यांना कुलूप नाही, त्यांच्या कडीला तारेचा तुकडा पिळलेला. मधूनच एखाद्या ओट्यावर म्हातारी आणि तिच्याजवळ खेळणारे नातवंड. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. चार-पाच महिने गाव निम्मे रिकामे असते.

विहारात त्रिशरण-पंचशील झाले. समोर पाहिले तर चाळीसेक माणसे असतील. म्हातारी माणसे, काही महिला आणि मुलेच मुले. ज्यांच्या हक्कांविषयी बोलायचे, ती कर्ती माणसे फडावर होती. दिवस साजरा करायला त्यांना सवड नव्हती. भाषणाची सुरुवात मी तेथूनच केली.

1948 सालचा हिवाळा

मी विचारले, "आजी-आजोबांनो, निजामाचे राज्य कधी संपले?" मागून आवाज आला, "अठ्ठेचाळीस साली. 17 सप्टेंबरला झेंडा असतो की!"

बरोबर. आपला हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. भारत 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, पण मराठवाड्याच्या माणसाला आणखी 13 महिने थांबावे लागले. यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकारने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती. 16 सप्टेंबरला पॅरिस शहरात ती पुढे आली आणि दुसऱ्याच दिवशी, 17 सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे आष्टी ज्या राज्यात होती, त्या राज्याचे नाव त्या दिवसांत पॅरिसमध्ये घेतले जात होते.

पुढे ऐका. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला बाबासाहेबांनी दिल्लीत घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडला. 29 नोव्हेंबरला त्या समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. मसुद्यात ते 11 वे होते, आज ते 17 वे आहे. आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, 10 डिसेंबर 1948 रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर केला. तेव्हा संयुक्त राष्ट्रांत 58 देश होते. त्यांपैकी 48 देशांनी बाजूने मत दिले, 8 तटस्थ राहिले, विरोधात एकही मत पडले नाही. भारताचे मत बाजूने होते.

अवघ्या तीन महिन्यांत निजामाची सत्ता गेली, कायद्याने अस्पृश्यता गेली आणि जगाने माणसाचे हक्क लिहून काढले. आष्टीच्या माणसाच्या वाट्याला एका हिवाळ्यात एवढे आले. ते घरात किती पोहोचले, हा पुढचा प्रश्न.

पुढच्या रांगेत आठवीतली एक मुलगी बसली होती. आई-बाप फडावर गेलेले, आजीने तिला शाळेसाठी ठेवून घेतलेली. माझ्या वहीत जाहीरनाम्याच्या 30 कलमांचा सोपा मराठी गोषवारा होता. पहिले कलम मी तिला वाचायला सांगितले. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा व हक्क यांत समान आहेत, असा त्याचा आशय. ती अडखळत, पण मोठ्याने वाचत होती.

मी म्हणालो, "बेटा, यात सर्व माणसे असे आहे ना? आधीच्या इंग्रजी मसुद्यात सर्व पुरुष असा अर्थ निघेल असा शब्द होता. आपल्या देशाच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता त्या आयोगावर होत्या. त्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. त्यांनी हट्ट धरला की हा शब्द बदला. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, बायका यात धरलेल्या नाहीत. शब्द बदलला गेला." महिला मंडळाच्या बायांनी टाळ्या वाजविल्या. एक शब्द बदलायलाही कोणीतरी उभे राहावे लागते.

बाबासाहेबांची नजरही त्या काळी संयुक्त राष्ट्रांकडे होती. 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या. आपल्या लोकांचे गाऱ्हाणेही तेथे मांडावे, असा विचार त्यामागे होता. 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर केलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले आहे की, अनुसूचित जातींच्या स्थितीविषयीचा अहवाल संयुक्त राष्ट्रांना देण्यासाठी तयार केला होता. पण आधी घटना समितीला आणि भावी संसदेला संधी द्यावी, म्हणून तो दिला नाही. दार माहीत असूनही त्यांनी आधी घरातल्यांना संधी दिली.

आजीचा प्रश्न

येथवर सभा नीट चालली होती. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक आजी उठली. शेजारच्या खेड्यातून नातवाच्या मोटारसायकलवर बसून आली होती. काखेत प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, "लेकरा, समदं चांगलं सांगितलंस. पर त्या पॅरिसच्या कागदाचं हितं कुनी ऐकतं का? माझ्या रानाची नोटीस आलीया."

सभेत शांतता पसरली. मी सांगितले, "आजी, कार्यक्रम झाला की तुमचा कागद बघतो. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर आत्ताच देतो, कारण तोच खरा प्रश्न आहे."

आंतरराष्ट्रीय कायद्याची भाषा मोठी अवघड. पण शेतीचा व्यवहार आपणांस कळतो. चार पंचांसमोर एखाद्याने शब्द दिला की, ही जमीन मी तुला देईन. तो शब्द मोडला तर त्याची बेअब्रू होते, पण कोर्टात लगेच काही करता येत नाही. 1948 चा जाहीरनामा मुळात असा दिलेला शब्द होता. पुढे सगळे जग तो वर्षानुवर्षे मानत आले, म्हणून त्यातल्या काही गोष्टींना रूढ कायद्याचे बळ आले. कोणाला गुलाम करू नये, कोणाचा छळ करू नये, हे आता सही केली असो वा नसो, प्रत्येक देशाला बंधनकारक आहे.

दुसरी पायरी खरेदीखताची. सही-शिक्क्याचा करार. 16 डिसेंबर 1966 रोजी असे दोन मोठे करार झाले. एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. 1976 साली ते लागू झाले आणि 10 एप्रिल 1979 रोजी भारताने दोन्ही स्वीकारले.

ही तारीख मराठवाड्याने विसरू नये. त्याच्या आधी नऊ महिनेही झाले नव्हते, 1978 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला म्हणून मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जिवे मारले. जीविताचा, समतेचा, प्रतिष्ठेचा हक्क मान्य करणारी सही देशाने केली, तेव्हा आपल्या माणसांच्या घरांची राख फार जुनी झालेली नव्हती. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला.

आणि तिसरी पायरी फेरफाराची. खरेदीखत झाले तरी फेरफार झाल्याशिवाय सात-बारावर नाव लागत नाही. तसेच देशाने करार केला, तरी त्याचा कायदा देशात झाला म्हणजे तो माणसाच्या हाती येतो. असा कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या 253 व्या कलमाने संसदेला दिला आहे. काही वेळा न्यायालय कायद्याची वाट पाहत नाही. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1993 मध्ये मान्य केला. 1997 च्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. कायदा मात्र 2013 साली झाला.

"म्हणून आजी," मी म्हणालो, "त्या पॅरिसच्या कागदाचा फेरफार बराचसा आपल्या राज्यघटनेत झालेला आहे. आपण आपला सात-बारा काढून बघत नाही, एवढेच."

हक्कांचे प्रकार

हक्कांचे तीन गट सांगण्याची पद्धत आहे. 1970 च्या दशकात कारेल वासाक या कायदेपंडिताने ती रूढ केली. पहिला गट नागरी आणि राजकीय हक्कांचा: जगण्याचा, बोलण्याचा, मत देण्याचा, विनाचौकशी तुरुंगात न पडण्याचा. दुसरा गट आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांचा: काम, योग्य मजुरी, अन्न, निवारा, आरोग्य, शिक्षण. तिसरा गट सर्वांनी मिळून भोगायच्या हक्कांचा: विकासाचा, शांततेचा, चांगल्या पर्यावरणाचा. विकासाच्या हक्काचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी 1986 मध्ये केला.

वासाकने हे तीन गट फ्रेंच राज्यक्रांतीच्या स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांना जोडले. आपणांस हे शब्द वेगळ्या वाटेने मिळालेले आहेत. 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहे. बंधुता नसेल तर बाकीची दोन टिकत नाहीत, हेही त्यांनी आपल्याला शिकविले.

हे गट अभ्यासासाठी ठीक. जगताना मात्र ते वेगळे राहत नाहीत. 1993 च्या व्हिएन्ना परिषदेनेही सर्व मानवी हक्क अविभाज्य असल्याचे म्हटले. आष्टीतल्या कुलूपबंद घरांवरून हे लगेच कळते. ऊसतोड कामगाराला जमीन नाही, म्हणून गावात पुरेसे काम नाही. काम नाही म्हणून उचल. उचल म्हणून स्थलांतर. स्थलांतर म्हणून लेकराची शाळा बुडते आणि फडावर दवाखाना नसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीमार्फत पाहणी झाली. 82,309 महिलांपैकी 13,861 महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. यातला कोणता हक्क पहिल्या गटातला आणि कोणता दुसऱ्या, हे त्या बाईला विचारून उपयोग नाही.

उचलीविषयी एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने पाठ करावी. नागरी हक्कांच्या करारानुसार केवळ करारातली देणी फेडता आली नाहीत म्हणून कोणालाही तुरुंगात टाकता येत नाही. युद्ध असो वा आणीबाणी, हा हक्क स्थगित करता येत नाही. मग मुकादमाने एखाद्या कुटुंबाला अडकवून ठेवावे, हे कोणत्या कायद्यात बसते? राज्यघटनेचे 23 वे कलम वेठबिगारीला बंदी घालते. 1976 पासून वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. 1982 मध्ये, दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी मजुरीत राबविणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे.

आणि पाण्याचे बघा. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. आपण तो 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने केला होता. जगाला तेथे पोहोचायला आणखी 83 वर्षे लागली.

जातीविषयीही जगात चर्चा झाली आहे. वांशिक भेदभावाविरुद्धच्या 1965 च्या करारात रंग, वंश यांच्याबरोबर जन्मकुळावरून होणारा भेदभावही धरला आहे. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने 2002 मध्ये सांगितले की, यात जातही येते. भारत सरकारने मात्र ही भूमिका मान्य केलेली नाही. 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दर्बान परिषदेत आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न मांडला, तेव्हाही सरकारचा विरोधच होता.

दंडाची पावती

चहापाणी झाल्यावर आजीने पिशवी माझ्यासमोर उपडी केली. रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, अतिक्रमण काढण्याची नोटीस आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार पिवळे कागद. घड्यांवर फाटलेले. त्या दंडाच्या पावत्या होत्या. गायरान वहितीखाली आणले म्हणून 1984 पासून पुढे तिच्या नवऱ्याकडून वसूल केलेला दंड.

आजी खाली मान घालून म्हणाली, "हे कागद कुनाला दावायची लाज वाटती, लेकरा. गुन्ह्याचे कागद हायेत. जाळणार व्हते, पर मालकाचा अंगठा हाय त्यावर."

माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "आजी, हेच तर तुमचे सोने!"

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गायरान आहे, त्यांनी हे नीट समजून घ्यावे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयात, 14 एप्रिल 1990 पूर्वी भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची तरतूद झाली. 14 एप्रिल 1990 म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा आरंभ. मग त्या तारखेपूर्वी आपण जमीन कसत होतो, हे सिद्ध कशाने करायचे? गावच्या अतिक्रमण नोंदवहीने, म्हणजे गाव नमुना एक-ई ने, आणि दंडाच्या पावत्यांनी. ज्या कागदाने गुन्हेगार ठरविले, तोच कागद हक्काचा पुरावा होतो.

हे आपोआप झालेले नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह उभे केले. माणसांनी तुरुंग भरले. पुढे आष्टीच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यातून एकनाथ आवाड यांनी 1990 मध्ये मानवी हक्क अभियान सुरू केले. गायरानाचा प्रश्न घेऊन ते मराठवाड्यात गावोगाव फिरले, मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. 2015 मध्ये ते गेले. आपल्या चळवळीला त्यांनी मानवी हक्क हेच नाव दिले, याचा अर्थ मला आष्टीत कळला. जमिनीचा तुकडा मागणारा भूमिहीन काही भीक मागत नाही. जगातल्या कोणत्याही माणसाला जे मिळावे असे ठरले आहे, तेच तो मागतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 28 जानेवारी 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असे सांगितले. मात्र भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेले पट्टे यांसारखे अपवाद त्यात आहेत. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यात नोटिसा निघाल्या. गायरान गावाच्या गुरांचे, हेही खरेच. तेव्हा ज्याने 1990 नंतर धनदांडगेपणाने जागा बळकावली आणि जी बाई 1984 पासून पोटासाठी कसते, त्यांना एकाच मापाने मोजू नये, एवढेच आपले म्हणणे. 1997 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक हक्क समितीनेही म्हटले आहे की, माणसाला घरातून वा जमिनीवरून काढण्यापूर्वी त्याचे ऐकून घेतले पाहिजे, पुरेशी सूचना दिली पाहिजे आणि तो उघड्यावर येता कामा नये.

नोटिशीला उत्तर द्यायला चारच दिवस उरले होते. विहारातच सतरंजीवर बसून उत्तर लिहायला घेतले. अक्षर छान म्हणून ती आठवीतली मुलगी लिहू लागली, मी सांगू लागलो. पावत्यांचे क्रमांक, तारखा, वहितीचे क्षेत्र, एक-ई च्या उताऱ्याची मागणी, समक्ष सुनावणीची विनंती. शेवटी आजीने सही केली. होय, सही! प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली होती. एकेक अक्षर कोरीत तिने नाव लिहिले.

माझी एक चूक

आता जे लिहितो, ते सभेत सांगितले नाही. तेवढे धैर्य झाले नाही.

नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. एका कार्यालयात मी आवक-जावकला बसत होतो. एक म्हातारे गृहस्थ असेच पिवळे कागद घेऊन आले. मला त्या कागदांचा अर्थ कळत नव्हता आणि विचारून घेण्याची तसदी मी घेतली नाही. "साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या," असे मी त्यांना तीनदा सांगितले. चौथ्या सोमवारी ते आले नाहीत. अर्जाची मुदत निघून गेल्याचे मला पुढे कळले. ते आपल्याच समाजाचे होते. त्यांनी जाताना मला जयभीम घातला होता.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवितात की, प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एकाच्या जमेला जे येते, ते दुसऱ्याच्या नावे पडते. हक्कांचेही तसेच आहे. माणसाच्या जमेला हक्क, तर राज्याच्या नावे कर्तव्य. आंतरराष्ट्रीय कायदा राज्याची तीन कर्तव्ये मानतो: हक्क स्वतः मोडू नये, दुसऱ्याला मोडू देऊ नये, आणि तो प्रत्यक्षात मिळेल अशी व्यवस्था करावी. पण राज्य म्हणजे कोण? दिल्ली, मुंबई हे खरेच. परंतु त्या म्हाताऱ्या बाबांपुरते राज्य म्हणजे मीच होतो. माझ्या टेबलाच्या अलीकडे पॅरिस होते आणि पलीकडे आष्टी. मधे मी बसलो होतो आणि म्हणत होतो, पुढच्या सोमवारी या.

आज आपल्या समाजातली पुष्कळ मुले-मुली नोकरीत आहेत. टेबलाच्या ज्या बाजूला बाबासाहेबांनी आपल्याला बसविले, त्या बाजूने आपण काय करतो, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो आणि मग त्यांना.

परतीच्या वाटेवर

संध्याकाळच्या गाडीला सोडायला कार्यकर्ते आले होते. त्यांना जे सांगितले, तेच येथे लिहितो. कोणताही अर्ज दोन प्रतींत करावा आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये. जुना कागद, मग तो दंडाचा का असेना, जाळू नये. त्याची झेरॉक्स काढून मूळ प्रत जपावी. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोग स्थापन झाला, आपल्या राज्याचाही आयोग मुंबईत आहे. सरकारी नोकराने हक्क मोडला किंवा तो मोडला जात असताना हयगय केली, तर तेथे मराठीत, साध्या कागदावर, शुल्काशिवाय तक्रार करता येते. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही, हेही लक्षात असावे. नागरी हक्कांच्या कराराला जोडलेला वैयक्तिक तक्रारींचा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही, म्हणून त्या वाटेने थेट जिनिव्हाला जाता येत नाही. आपली लढाई येथेच, तहसील कचेरीच्या पायरीवर आहे. अत्याचार झाल्यास 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहेच.

पाचव्या दिवशी नातवाचा फोन आला. उत्तर वेळेत दिले, पोच मिळाली, सुनावणीची तारीख पडली. पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. आजीने एवढेच कळविले की, पावत्या आता वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नाहीत. नवी फाईल आणली आहे आणि ती बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवली आहे.

त्या मुलीने माझी वही ठेवून घेतली. आई-बाप फडावरून आले की त्यांना 30 ही कलमे वाचून दाखवीन, म्हणाली. एस.टी. निघाली तेव्हा अंधार पडला होता. समोरून उसाचे ट्रॅक्टर येतच होते. कुठल्याशा फडावर आमच्या आष्टीची माणसे या वेळी मोळ्या बांधत असतील, असे मनात आले. ती परत येतील तेव्हा त्यांच्या घरात कोणीतरी त्यांचा सात-बारा वाचून दाखवायला बसलेले असेल. दुसऱ्यांदा आष्टीला जाईन, ते त्यांना भेटायला. तेव्हा भाषण मी करणार नाही, ती मुलगी करील.

जयभीम!